ऊन लागणे वेगळे, उन्हाने भाजणे वेगळे: मुलांच्या उन्हाळी सहलीसाठी

मूल खेळून घरी आले आणि मलूल होऊन पडले, डोके दुखते म्हणू लागले, त्याला उलटी झाली, तर आपण म्हणतो की त्याला ऊन लागले. तेच मूल आठ दिवस आजोळी हुंदडून परतले आणि त्याचा चेहरा, मान, हात काळवंडलेले दिसले, तर आपण म्हणतो की ते उन्हाने रापले. मराठीत या दोन गोष्टींना पूर्वीपासून दोन वेगळे शब्द आहेत आणि ते योग्यच आहे, कारण सूर्याकडून येणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टींचे ते परिणाम आहेत. पहिला परिणाम उष्णतेचा, दुसरा अतिनील किरणांचा. सहलीची तयारी करताना मात्र हा भेद आपल्या हातून निसटतो. औषधाच्या दुकानातून सनस्क्रीनची एक नळी आणली, मुलांच्या तोंडाला ते मलम चोळले, की उन्हाचा बंदोबस्त झाला असे वाटते. ती नळी उष्णतेविरुद्ध काहीही करत नाही. उलट, डोक्यावर ओला पंचा टाकून मूल गार ठेवले, तरी त्याच्या उघड्या खांद्यांवर अतिनील किरण पडतच राहतात. म्हणून काय विकत घ्यावे हे ठरवण्याआधी, आपण मुलाला कोणत्या उन्हापासून वाचवत आहोत ते पाहावे लागते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही गुहागरला गेलो होतो. सकाळी दहाच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचलो, तेव्हा आकाशात पातळ ढग होते आणि खाऱ्या वाऱ्यामुळे उकाडा जाणवत नव्हता. माझी सात वर्षांची भाची बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये दोन तास पाण्याच्या कडेला वाकून वाळूचा किल्ला बांधत बसली. आम्हा मोठ्यांना त्यात काही वावगे वाटले नाही आणि तिलाही काही जाणवले नाही. संध्याकाळी न्हाणीघरात कोमट पाण्याचा पहिला तांब्या खांद्यांवर पडला आणि ती किंचाळली. फ्रॉकच्या पट्ट्यांखालची तेवढी कातडी मूळ रंगाची होती. बाकीचे खांदे तांबूस-काळे झाले होते आणि हाताला कढत लागत होते. चौथ्या दिवशी तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटू लागली. तिला ऊन लागलेले नव्हते. ताप नव्हता, डोके दुखत नव्हते, रात्री ती नीट जेवलीही होती. ती भाजली होती, आणि हवा सुखद होती म्हणूनच भाजली होती, कारण हवा तापलेली असती तर आम्ही तिला तासाभरातच सावलीत आणले असते.

अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्वचेला त्यांची ऊबही लागत नाही. ऊब लागते ती दृश्य प्रकाशाची आणि अवरक्त किरणांची. अतिनील किरणांचे तीन गट मानतात. ‘सी’ गट सर्वांत घातक असतो, पण वातावरणातील ओझोन आणि प्राणवायू तो पूर्ण शोषून घेतात. ‘बी’ गटाचा बराचसा भाग ओझोनमध्ये अडतो आणि थोडा जमिनीपर्यंत येतो. त्वचा भाजण्याचे मुख्य कारण हाच थोडा भाग असतो आणि त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते तेही त्याच्यामुळेच. ‘ए’ गट जवळजवळ सगळाच खाली येतो, त्यामुळे जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के याच गटाचे असतात. तो त्वचेत खोलवर शिरतो, तिला काळवंडवतो आणि वर्षानुवर्षांच्या माऱ्याने तिचा तजेला घालवतो. खिडकीच्या साध्या काचेत ‘बी’ गट अडतो, ‘ए’ गट आरपार जातो. मुंबईहून कोल्हापूरपर्यंत गाडीच्या मागच्या काचेशी एकाच बाजूला बसून आलेल्या मुलाचा तेवढाच हात रापलेला दिसतो, त्याचा उलगडा इथे होतो.

या किरणांची तीव्रता मोजण्यासाठी अतिनील निर्देशांक वापरतात. फोनवरच्या हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये तो ‘यूव्ही इंडेक्स’ या नावाने तापमानाच्या खालीच कुठेतरी दिलेला असतो. निर्देशांक २ पर्यंत असला तर काळजीचे कारण नसते, ३ पासून पुढे त्वचेचे रक्षण करावे, ८ पासून तो अति तीव्र समजला जातो आणि ११ पासून पुढे टोकाचा. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांतल्या निरभ्र दुपारी तो ११ च्या आसपास किंवा त्याहूनही वर असतो. याचे कारण आपल्या भूगोलात आहे. मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला आणि नागपुरात मेच्या अखेरच्या आठवड्यात एके दिवशी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस शाळांमध्ये हौसेने पाहिला जातो. डोक्यावरून सरळ येणाऱ्या किरणांना वातावरणाचा सर्वांत पातळ थर ओलांडावा लागतो, त्यामुळे अतिनील किरण त्या सुमारास कमीत कमी अडतात. आपल्या शाळांना सुट्टी लागते आणि सहली निघतात त्याही नेमक्या याच दिवसांत.

सूर्य माथ्यावर येतो ती वेळ घड्याळातले बारा नव्हे, हेही पाहण्यासारखे आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि कोकणपट्टी त्याच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे मुंबईत मेच्या मध्याला खरी माध्यान्ह १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होते, तर नागपुरात महिनाअखेरीस १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास. अतिनील किरणांचा जोर या वेळेच्या दोन्ही बाजूंना सारखा उतरत जातो. उष्णतेचे तसे नसते. आधी जमीन तापते आणि मग तिच्यामुळे हवा, म्हणून देशावर आणि विदर्भात पारा तीन-चारच्या सुमारास चढतो. संध्याकाळी पाच वाजता नागपुरात झळा लागत असतात, पण त्वचा भाजण्याचे भय तोवर बरेच ओसरलेले असते. सकाळी अकराला कोकणच्या किनाऱ्यावर वारा सुखावत असतो आणि भाजण्याचे भय शिगेला पोहोचत असते.

घड्याळ आणि ॲप यांच्यापेक्षा मला सावलीची खूण अधिक भरवशाची वाटते, कारण ती मुलांनाही शिकवता येते. सपाट जमिनीवर उभे राहावे आणि आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड आहे की लांब, ते पाहावे. आखूड असेल तर सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या वर आहे आणि अतिनील किरणांचा जोर मोठा आहे. मेच्या मध्याला मुंबईच्या अक्षांशावर ही आखूड सावली सकाळी साधारण साडेनऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत राहते. समुद्रावर जायचे असेल तर साडेनऊच्या आत आटपावे किंवा चारनंतर निघावे. या एका निर्णयाने जे साधते ते कोणत्याही महागड्या मलमाने साधत नाही. त्या प्रसंगानंतर भाचीला ही खूण शिकवली. आता किनाऱ्यावर पोहोचल्यावर ती आधी वाळूत टाच रोवून उभी राहते, सावलीच्या टोकाशी शिंपला ठेवते, मग त्या रेषेवर आडवी होऊन आपले डोके शिंपल्याच्या पुढे जाते की मागे राहते ते पाहते.

जागेनुसारही हिशेब बदलतो. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परतवते आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के, म्हणजे किनाऱ्यावर छत्रीखाली बसलेल्या मुलाच्या हनुवटीवर आणि नाकाच्या खालच्या बाजूवर ते खालूनही येतात. पाण्यात अर्धा मीटर खोलीवरसुद्धा वरच्या तीव्रतेच्या सुमारे ४० टक्के किरण पोहोचतात, तेव्हा गळ्यापर्यंत पाण्यात असलेले मूल सुरक्षित आहे असे समजू नये. उंची वाढली की दर हजार मीटरला तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे. तिथली गार हवा उष्णतेपासून सोडवते, पण किरणांच्या बाबतीत ती जागा मुंबईहून कडक आहे. सर्वांत फसवी सहल मात्र मे महिन्यात आपल्याकडची असंख्य कुटुंबे करतात ती, मनाली आणि रोहतांगची. रोहतांगची खिंड जवळजवळ ४००० मीटरवर आहे आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो. मुले लोकरी कपड्यांत गुंडाळलेली असतात, दात वाजत असतात आणि उघडा राहिलेला चेहरा भाजत असतो. तिथे गॉगल ही चैन नव्हे. दिवसभर बर्फाच्या चकाकीत राहिलेल्या उघड्या डोळ्यांचा बाहेरचा पडदा भाजतो आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारख्या वेदना होतात.

ढगांवर विसंबू नये. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत किरण पार होऊ शकतात. सावलीचीही पारख करावी लागते, कारण अतिनील किरण सूर्याच्या दिशेनेच येतात असे नाही. हवेत विखुरल्यामुळे त्यांचा मोठा वाटा साऱ्या आकाशातून येत असतो. सावलीत बसून वर पाहावे: जितके आकाश दिसते तितके किरण पोहोचतात. आंबा, वड, चिंच यांची सावली गडद आणि भरवशाची असते. कोकणात किनाऱ्यालगत असते ती सुरूच्या बनाची किंवा माडांची सावली, आणि ती विरळ असते. तिथे बसण्याने गारवा मिळतो, पण टोपी काढून ठेवण्याइतकी ती पुरेशी नसते. जुन्या पद्धतीची दाट कापडाची काळी छत्री मात्र फार कामाची आहे. तिच्यातून अतिनील किरण जवळजवळ पार होत नाहीत. किल्ल्यावर किंवा किनाऱ्यावर तान्हे बाळ कडेवर घेऊन जाणाऱ्यांनी ती बरोबर ठेवावीच.

आता कपडे. मुलांच्या बाबतीत खर्च करायचाच असेल तर मी आधी कपड्यांवर करायला सांगेन, कारण कापड घामाने वाहून जात नाही, डोळ्यांत गेले म्हणून चुरचुरत नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही. कापडातून किती अतिनील किरण पार होतात हे सांगणारा अंक यूपीएफ या नावाने ओळखला जातो. त्याचे पहिले प्रमाणक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी १९९६ मध्ये तयार केले. यूपीएफ ५० म्हणजे पडलेल्या किरणांपैकी पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आत येतो. साधा पांढरा सुती टी-शर्ट या मोजपट्टीवर ५ ते ७ च्या आसपास भरतो आणि ओला झाला की त्याहून खाली जातो, कारण ओल्या धाग्यांमधून प्रकाश सहज पार होतो. जाड विणीचे, गडद रंगाचे किंवा पॉलिएस्टरचे कापड पुष्कळ वर असते. दुकानात यूपीएफचा बिल्ला नसला तर कापड दिव्यासमोर ताणून धरावे; पलीकडचा दिवा स्पष्ट दिसत असेल, तर ते कापड अतिनील किरणांपुढे फारसे टिकणार नाही.

इथेच सुरुवातीला सांगितलेल्या दोन उन्हांचे भांडण होते. दाट, गडद, कृत्रिम धाग्याचे कापड किरण अडवते, पण त्यात मूल उकडते. पातळ पांढरे मलमल अंग गार ठेवते, पण किरण आत सोडते. यावर एकच उत्तर नाही, ठिकाण पाहून निवड करावी लागते. समुद्रात, तलावात किंवा वॉटर पार्कमध्ये पाणीच अंग गार ठेवते, म्हणून तिथे पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत येणारा दाट विणीचा पोहण्याचा कुडता, ज्याला दुकानदार रॅश गार्ड म्हणतात, तो सर्वांत उत्तम. ताडोब्याच्या दुपारच्या फेरीला उघड्या जिप्सीत बसायचे असेल, तर पारा ४५ अंशांच्या आसपास असू शकतो; तिथे सैल, पूर्ण बाह्यांचे, मध्यम जाडीचे सुती किंवा खादीचे कपडे घालावेत आणि मानेभोवती ओला पंचा गुंडाळावा, कारण विदर्भाच्या कोरड्या हवेत ओले कापड भराभर वाळते आणि वाळता वाळता अंग गार करते. तोच ओला पंचा कोकणच्या दमट हवेत तितका उपयोगी पडत नाही. गड चढताना मूल स्वतः चालत असते आणि आतून तापत असते, त्यामुळे कापड सैल असणे सर्वांत महत्त्वाचे. कातळ तापायच्या आत, उजाडताना चढायला लागावे आणि दहापर्यंत खाली यावे.

टोपी घेताना कार्टूनचे चित्र मुलांना पाहू द्यावे, आपण काठ पाहावा. क्रिकेटची टोपी कपाळ आणि नाक झाकते, पण कान आणि मान उघडी ठेवते, आणि मुलांचे कानाचे शेंडे व मानेचा मागचा भाग हेच सर्वांत आधी भाजतात. चहूबाजूंनी सात-आठ सेंटिमीटरचा काठ असलेली किंवा मागे मानेवर झालर असलेली टोपी घ्यावी. हनुवटीखाली बंद असावा, नाहीतर पहिल्याच वाऱ्याला ती समुद्रात जाते. मात्र झोक्यावर, घसरगुंडीवर किंवा झाडावर चढताना तोच बंद अडकून गळ्याला फास बसू शकतो, म्हणून ओढ बसताच सुटणारा बंद पाहून घ्यावा. गॉगलच्या बाबतीत रंगाला काहीच अर्थ नाही. काच गडद आहे पण अतिनील किरण अडवत नाही, असा रस्त्यावरचा खेळण्यातला गॉगल नसलेल्यापेक्षा वाईट, कारण अंधारामुळे बाहुली विस्फारते आणि जास्त किरण आत शिरतात. मुलांच्या डोळ्याचे भिंग मोठ्यांपेक्षा अधिक पारदर्शक असल्यामुळे ते डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोहोचतातही अधिक. ‘यूव्ही ४००’ असे लिहिलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा घ्यावा. शंका असल्यास चष्म्याच्या दुकानात यंत्रावर मिनिटभरात तपासून मिळते. पोलराइज्ड हा शब्द चकाकी कमी होण्याविषयी आहे, त्याचा अतिनील किरणांशी संबंध नाही.

एवढे झाल्यावर जी त्वचा उघडी राहते तिच्यासाठी सनस्क्रीन. नळीवरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः ‘बी’ किरणांविषयी बोलतो. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के, ३० साधारण ९७ टक्के आणि ५० साधारण ९८ टक्के ‘बी’ किरण अडवते. म्हणजे ३० च्या पुढे आकडा मोठा होत जातो आणि मिळणारा लाभ अगदी थोडा असतो, म्हणून ३० किंवा ५० यांपैकी जे परवडेल ते घ्यावे आणि १०० च्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. ‘ए’ किरणांसाठी दुसरी खूण पाहावी लागते. आपल्याकडच्या नळ्यांवर ‘पीए’ या अक्षरांपुढे अधिक चिन्हे असतात. ही पद्धत जपानची आहे आणि चिन्हे एकापासून चारपर्यंत असतात. तीन किंवा चार चिन्हे असलेली नळी घ्यावी. ज्या नळीवर एसपीएफ ठळक आहे आणि ‘ए’ किरणांचा उल्लेखच नाही, ती मूल भाजू देणार नाही पण रापू देईल.

हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटर त्वचेला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन काढलेले असतात. घरात आपण त्याच्या निम्मा, कित्येकदा पाव थर देतो, आणि मग ३० चे संरक्षण दहाच्याही आसपास उतरू शकते. पाच वर्षांच्या मुलाच्या अंगाचे क्षेत्रफळ साधारण पाऊण चौरस मीटर धरले, तर सर्वांगाला सुमारे १५ ग्रॅम मलम लागते. अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचा सदरा घातला तर चेहरा, मान, दोन्ही हात, गुडघ्यांखालचे पाय मिळून सहा ग्रॅम, म्हणजे चहाचा सव्वा चमचा, दर खेपेला लागतो. ५० ग्रॅमची नळी आठ खेपांत संपते. दर दोन तासांनी लावायचे, तर दोन मुलांच्या दोन दिवसांच्या सहलीला ती नळी अपुरीच पडेल. तेच मूल पूर्ण बाह्या आणि पायजमा घालून निघाले, तर निम्म्याहून कमी मलमात भागते. उन्हाळाभर पुरणारी सनस्क्रीनची नळी काटकसरीची खूण वाटते, पण बहुधा ती नीट न लावल्याची खूण असते.

घटकांविषयी पालक सर्वांत अधिक विचारतात. सनस्क्रीन दोन जातीची असतात. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे त्वचेच्या पृष्ठभागावर राहतात. ॲव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट असे सेंद्रिय रासायनिक घटक किरण शोषून घेतात आणि त्यांपैकी काही थोड्या प्रमाणात रक्तात उतरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात वरची दोन खनिजे तेवढी सुरक्षित व परिणामकारक मानली आणि इतर १२ घटकांविषयी उत्पादकांकडून अधिक माहिती मागवली. अधिक माहिती मागवणे म्हणजे अपाय सिद्ध होणे नव्हे. तरीही लहान मुलांसाठी, आणि त्वचा नाजूक किंवा इसब असलेली असेल तर नक्कीच, खनिज सनस्क्रीन घेणे शहाणपणाचे, कारण ते त्वचेला आणि डोळ्यांना कमी चुरचुरते. त्याचा पांढरा थर सावळ्या चेहऱ्यावर उठून दिसतो म्हणून पुष्कळांना ते आवडत नाही; मला तो गुण वाटतो, कारण कानामागची आणि गुडघ्यामागची सुटलेली जागा लगेच दिसते. वास नसलेले घ्यावे, आदल्या रात्री कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून पुरळ येत नाही ना ते पाहावे, आणि फवाऱ्याचे डबे मुलांसाठी टाळावेत, कारण ते श्वासात जातात आणि वाऱ्यावर निम्मे उडून जातात. नळी तापलेल्या गाडीत ठेवली तर ती मुदतीआधीच निकामी होते.

लावायचे ते घरून किंवा खोलीतून निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटे, कोरड्या अंगाला. वाळूत पोहोचल्यावर, अंगाला खारे पाणी आणि रेती चिकटलेली असताना, मूल हात झटकत पळत असताना लावलेल्या मलमाचे पट्टे उठतात आणि मूल पट्ट्यापट्ट्यांनीच भाजते. ‘वॉटर रेझिस्टंट’ या शब्दांचा अर्थ पाण्यात ४० किंवा ८० मिनिटे टिकते एवढाच आहे. टॉवेलने पुसले की पुन्हा लावावे. खोबरेल तेल, बेसन, हळद, कोरफड हे आपल्या घरचे पदार्थ त्वचेला मऊपणा देतील, पण भरवसा ठेवण्याजोगे संरक्षण देत नाहीत. लिंबाची मात्र उलट काळजी घ्यावी. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले, तर त्यातील द्रव्यामुळे एक-दोन दिवसांनी लालसर चट्टे आणि फोड येतात आणि त्यांचे काळे डाग कित्येक आठवडे राहतात. किनाऱ्यावर मुलांनी लिंबू पिळले असेल तर त्यांचे हात आणि हनुवटी साबणाने धुवावी.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला सनस्क्रीनच्या भरवशावर उन्हात नेऊ नये. त्याची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने अंगाचा विस्तार मोठा, त्यामुळे लावलेले द्रव्य शरीरात उतरण्याचे प्रमाणही मोठे असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना अशा बाळांसाठी सावली आणि अंगभर कपडे सुचवते. सावली मिळणे शक्यच नसेल, तरच चेहरा आणि हातांची मागची बाजू अशा थोड्या जागी मलम लावायला ती हरकत घेत नाही.

आपल्या सावळ्या मुलांना हे सारे हवेच कशाला, असा प्रश्न घरातली वडीलधारी माणसे विचारतात आणि तो रास्त आहे. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य खरोखरच संरक्षण देते आणि उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकसंख्येच्या मानाने भारतात पुष्कळ कमी आढळतो. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून सदरा, सनस्क्रीन आणि टोपी यांचा घरोघरी प्रचार झाला, तो तिथल्या गोऱ्या कातडीच्या आणि तिथल्या कर्करोगाच्या प्रमाणामुळे. तिथली भीती जशीच्या तशी आपण उचलण्याचे कारण नाही. मात्र मेलॅनिन त्वचा भाजणे पूर्ण थांबवत नाही, डोळ्यांना वाचवत नाही आणि उष्णतेपुढे तर काहीच करत नाही. गोरेपणाच्या हव्यासापायी मुलाला उन्हात जाऊच न देणे हा मात्र त्याच्यावर अन्याय आहे. रापलेली कातडी काही आठवड्यांत पूर्ववत होते. बुडालेली सुट्टी परत येत नाही. ड जीवनसत्त्वासाठीही थोडे ऊन लागते, आणि ते ‘बी’ किरणांमुळे तयार होत असल्याने अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हात फारसे मिळत नाही. रोज थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून, भाजण्याच्या कितीतरी आधी सावलीत परतावे.

शेवटी पहिल्या उन्हाकडे, उष्णतेकडे, वळतो, कारण आपल्याकडे जीव जातो तो तिच्यामुळे. २०२३ च्या १६ एप्रिलला नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारी बसलेल्या माणसांपैकी कित्येक जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपासच होता. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. मुले मोठ्यांपेक्षा लवकर तापतात, कमी घाम गाळतात आणि खेळात रमली की तहान लागल्याचे सांगत नाहीत. म्हणून ती मागतील तेव्हा पाणी देणे पुरेसे नाही, दर अर्ध्या तासाला हाक मारून पाजावे. ताक, पन्हे, कोकम सरबत यांत पाणी, मीठ आणि साखर तिन्ही असतात. त्यांच्याऐवजी शीतपेयांच्या बाटल्या नेण्यात काही लाभ नाही. ओआरएसची लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी, पेलाभर पाण्यात थोडीशी पूड टाकू नये. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खिशात कांदा ठेवण्याची जुनी रीत कोणाला पाळायची असेल तर पाळावी, पण तिच्या भरवशावर दुपारी बाहेर पडू नये. बंद गाडीत मुलाला पाच मिनिटेही एकटे सोडू नये. उन्हात उभ्या गाडीच्या आतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढते.

संध्याकाळी त्वचा तांबूस आणि कढत लागली, तर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि साधे मॉइश्चरायझर लावावे. बर्फ आणि टूथपेस्ट लावू नये, आलेले फोड फोडू नयेत. फोड मोठ्या भागावर असतील, सोबत ताप असेल किंवा मूल वर्षाच्या आतले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. पण मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, त्याला झटका आला किंवा शुद्ध हरपली आणि अंग भट्टीसारखे तापले असेल, तर तो उष्माघात आहे आणि एक मिनिटही दवडू नये. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने मुलाला सावलीत आणून कपडे काढावेत, सर्वांगावर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवावीत. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि रुग्णवाहिका दारात येईपर्यंत अंगावर पाणी ओतणे थांबवू नये.